पंक्चर काढलं अन् पिवळा लाइट लागला

घाटंजी तालुक्यातल्या एका कास्तकार भावाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणतात. पत्र त्यांच्याच बोलीत ठेवतो, थोडं कापून:

"भाऊ, नमस्कार. पोराची गाडी १६० सीसीची हाये, घेऊन तीन वर्सं झाले. मांगच्या महिन्यात समोरच्या टायरात खिळा घुसला अन् टायर फाटलं. रोडवरच्या दुकानात चाक खोलून नवं टायर टाकलं. दोन दिवसानं मीटरवर एबीएसचा पिवळा लाइट लागला, तो जातच नाई. ब्रेक तं लागते. यवतमाळच्या शोरूममंदी नेली तं म्हणते मॉड्युल गेलं, एकोणीस हजार चारशे लागतीन. गावचा मिस्त्री म्हणते, शंभर रुपयात लाइटची वायर कापून देतो, लाइटच नाई तं टेन्शन नाई. पेरणी तोंडावर हाये. बी-खताचे पैसे बाजूले काढून ठेवले हाये. पोरगा रोज कॉलेजले यवतमाळले जाते, येता येता अंधार पडते. त्या पैशातून एकोणीस हजार काढू का गाडी तशीच चालू देऊ?"

भाऊ, बियाण्याच्या पैशाला हात लावू नका. वायरही कापू देऊ नका. शोरूमचा आकडा मोठा आहे म्हणून तुमची नजर तिकडे गेली, माझी मात्र "चाक खोलून नवं टायर टाकलं" या ओळीवरच अडकली. तीन वर्षं जो लाइट कधी लागला नाही तो चाक खोलल्यावर दोन दिवसांत लागतो, तेव्हा आधी चाकापाशी उकिडवं बसायचं असतं. मी गाडी पाहिलेली नाही, त्यामुळे शोरूमवाले खोटं बोलले असं म्हणणार नाही. पण मॉड्युल गेल्याचं त्यांनी कशावरून ठरवलं, हे तुम्ही विचारलेलं पत्रात तरी दिसत नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते थोडक्यात. एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम, ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि मॉड्युल म्हणजे तिचा मेंदू असलेला डबा. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, म्हणून पोराच्या गाडीला ते आहे. उतारावर कापसानं भरलेली बंडी असली की तुम्ही कासरा एकदम ओढून धरता का? नाही. ओढता, जरा सैल सोडता, पुन्हा ओढता. बैलांनी एकदम पाय रोवले तर मागची बंडी त्यांच्याच अंगावर येईल. एबीएस ब्रेकच्या तेलाशी हेच करतं, एका सेकंदात कितीतरी वेळा. चाक जाम व्हायला आलं की तेलाचा दाब सोडतं, चाक फिरू लागलं की परत दाबतं. जोरात ब्रेक मारल्यावर हाताच्या लिव्हरला जो थरथराट लागतो तो हाच.

पण चाक जाम होतंय हे त्याला कळतं कसं? समोरच्या डिस्कजवळ खाचा पाडलेली एक लोखंडी रिंग असते आणि तिच्याजवळ बोटाएवढा सेन्सर बसवलेला असतो. दोघांमधली फट साधारण एक मिलिमीटरच्या आसपास. रिंगच्या खाचा समोरून जातात, सेन्सर त्या मोजतो आणि वायरीतून वर मॉड्युलला कळवतो. हा हिशेब जुळेनासा झाला की मॉड्युल स्वतःहून एबीएस बंद करतं आणि पिवळा लाइट लावतं. साधा ब्रेक त्यानं अडवलेला नसतो, म्हणून तुम्हाला "ब्रेक तं लागते" असं वाटतं, आणि ते खरंच आहे. १६० सीसीच्या बऱ्याच गाड्यांना एबीएस फक्त समोरच्या चाकालाच असतं. तुमचं जे चाक खोललं तेही समोरचंच.

आता पंक्चरच्या दुकानाकडे येतो, कारण माझ्या गॅरेजात एबीएसच्या लाइटच्या ज्या गाड्या येतात त्यातल्या निम्म्यांची गोष्ट तिथूनच सुरू होते. (हा माझ्या गॅरेजचा अनुभव, सरकारी आकडा नाही.) रोडवरचा पोट्टा चाक काढतो, डिस्कची बाजू खाली करून जमिनीवर ठेवतो आणि टायर सोडवायला त्यावर उभा राहून टाचेनं दाबतो. खाली गोटा असला की डिस्क नाही तर रिंग वाकलीच समजा. रिंग केसभर वाकली तरी डोळ्याला दिसत नाही, पण सेन्सरला दिसते. चाक फिरताना एका जागी फट वाढते, एका जागी कमी होते, आणि मोजणी चुकते. त्याचा तरी काय दोष! त्याला कोणी सांगितलंच नाही की या चाकाला कानही आहे.

दुसरं, चाक बसवताना सेन्सरची वायर ब्रेकच्या पाइपासोबत क्लिपात परत अडकवायची राहते. मग ती लोंबते, टायरला घासते किंवा हँडल वळवलं की ताणली जाते. तिसरं, अ‍ॅक्सलवरचा एखादा बुश उलटा बसतो किंवा राहून जातो आणि चाक दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकतं. आणि चौथं, टायर कोणत्या मापाचं टाकलं तेही पाहा. जुन्या टायरच्या बाजूवर जो आकडा होता तोच नव्यावर आहे का? दुकानात जे होतं ते टाकून दिलं, असं फार होतं आपल्याकडे.

तर आता असं करा. उद्या सकाळी पोराला उठवा, गाडी अंगणात घ्या. चावी फिरवा. पिवळा लाइट लागला पाहिजे, तो लागणं चांगलंच आहे, कारण यंत्र स्वतःची तपासणी करत असतं. मग हळूच गाडी पुढे काढा. ठीक गाडीचा लाइट पाच-दहाच्या स्पीडला विझतो. तुमचा विझतो आणि पुढे वीस-तीसला परत लागतो का? तसं असेल तर बहुतेक दोष सेन्सर, फट किंवा रिंग यांच्यात आहे. आणि चावी फिरवल्यापासून एकदाही विझत नसेल तर वायर, फ्यूज, बॅटरी, मग शेवटी मॉड्युल, या ओळीनं पाहायचं. हे निरीक्षण कागदावर लिहून ठेवा, मिस्त्र्याला फार उपयोगी पडतं. दुरुस्ती झाल्यावरही लक्षात ठेवा की लाइट उभ्या गाडीत विझणार नाही, थोडी चालवावीच लागते. पुष्कळ लोक इथेच घाबरतात आणि "नाही सुधारलं" म्हणून परत येतात.

(जाता जाता एक. जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर एबीएसचा लाइट मुळीच लागला नाही तर त्या गाडीपासून लांब राहा. कोणीतरी त्याची वायर आधीच कापलेली असू शकते.)

मग गाडी मेन स्टँडवर घ्या. समोरचं चाक वर उचलायला इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या आणि एकाला मागे धरायला लावा. चाक हातानं सावकाश फिरवत रिंगकडे एकाच जागी नजर ठेवून पाहा. रिंग डुलते का? एखादी खाच चिखलानं बुजली आहे का? आपली काळी माती तुम्हाला मी काय सांगू! पावसाळ्यात पांदणीतून एकदा गाडी गेली की मडगार्डपर्यंत थर बसतो आणि वाळला की विटेसारखा होतो. जुन्या टूथब्रशनं नुसत्या पाण्यात रिंग साफ करा. सेन्सर सहसा एकाच बोल्टवर असतो. तो खोलून त्याचं तोंड फडक्यानं पुसा, तिथे लोखंडाचा काळा भुसा चिकटलेला असतो, कारण आत चुंबक आहे. पेचकसनं खरवडू नका आणि उपटू तर नकाच.

आणि एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. आपल्याकडे गाडी धुतली की चमक यावी म्हणून डिझेल मारायची पद्धत आहे. डिस्कच्या आसपास डिझेल, ऑइल, रॉकेल यातलं काहीही जाऊ देऊ नका. एबीएसचा लाइट राहिला तरी माणूस वाचू शकतो, डिस्कला तेल लागलं तर साधा ब्रेकच जातो.

वायर सेन्सरपासून टाकीखालपर्यंत बोटानं चाचपत जा. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे करून ती कुठे ताणते का पाहा. गाडी धान्याच्या पोत्यांजवळ किंवा कोठ्यात उभी राहत असेल तर उंदराचे दात शोधा. कनेक्टर खोलून पाहा, आत हिरवा गंज किंवा पाणी दिसेल. इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. एका गिऱ्हाइकाला मी पूर्ण भरवशानं नवा सेन्सर घ्यायला लावला, दोन हजारांच्या आसपास गेले, लाइट तसाच. दुसऱ्या दिवशी कनेक्टर डोळ्याजवळ नेऊन पाहिला तर आतली एक पिन मागे सरकलेली. ती सुईनं पुढे ढकलली, काम झालं. सेन्सरचे पैसे मी माझ्या खिशातून परत केले, आणि तेव्हापासून कनेक्टर पाहिल्याशिवाय कोणाला पार्ट सांगत नाही.

फ्यूजही पाहून घ्या. एबीएसचे फ्यूज वेगळे असतात, बहुतेक गाड्यांत सीटखाली किंवा बाजूच्या झाकणात. जळालेला असेल तर तेवढ्याच आकड्याचा टाका. मोठ्या आकड्याचा किंवा तार पिळून लावलेला फ्यूज म्हणजे एकोणीस हजारांचं मॉड्युल खरंच जाळायची तयारी. सेल्फ जड मारत असेल तर बॅटरीही मोजा. बंद गाडीत साडेबाराच्या आसपास, चालू गाडीत चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. बल्बची टेस्ट लॅम्प घेऊन एबीएसच्या वायरी तपासणाऱ्या मिस्त्र्याला मात्र थांबवा, ती युक्ती जुन्या गाड्यांची.

एवढं करूनही लाइट राहिला तर स्कॅनर. यात शोरूमलाच जावं लागतं, नाही तर तालुक्यात ज्याच्याकडे तुमच्या कंपनीला चालणारा स्कॅनर आहे त्याच्याकडे. यंत्रानं लाइट लावला तेव्हा कारणाचा कोड आत लिहून ठेवलेला असतो. तो वाचायचे थोडे पैसे घेतात, ते द्या. पण कोड कागदावर लिहून मागा: "कोड कोणता आला, त्याचा अर्थ काय, जॉब कार्डवर लिहा." कोड समोरच्या सेन्सरचा असेल आणि अंदाजपत्रक मॉड्युलचं असेल तर तिथल्या तिथे विचारा की हे कसं काय. नम्रपणे विचारा, पण विचारा. काउंटरवरचा माणूस आणि गाडी हाताळणारा मेकॅनिक वेगळे असतात, तेव्हा "मेकॅनिकला बोलवा, मला चाकाजवळ दाखवा" म्हटलं की पुष्कळदा आकडा आपोआप खाली येतो. आणि कोणी स्कॅनर लावलाच नसताना मॉड्युल म्हणत असेल तर तो नुसता अंदाज आहे. अंदाजाचे एकोणीस हजार द्यायचे नसतात.

खर्चाचं मोजमाप असं धरा. साफसफाई आणि वायर परत क्लिपात बसवणं, हे मजुरीचं काम. सेन्सर बदलावा लागला तर या गटातल्या बऱ्याच गाड्यांचा हजार ते तीन हजारांच्या घरात जातो. वायर सेन्सरलाच ओतलेली असते, म्हणून ती तुटली की पूर्ण सेन्सर घ्यावा लागतो. पिळून टेप गुंडाळलेला जोड आपल्या पावसाळ्यात टिकत नाही. रिंग वाकली असेल तर रिंग. मॉड्युल खरंच गेलं तर खर्च दहा हजारांच्या पुढे असतो, शोरूमचा आकडा त्या दृष्टीनं अवास्तव नाही. फक्त तुमच्या लक्षणांवरून तो शेवटचा संशयित आहे. अंदाजपत्रकात पार्ट, मजुरी आणि जीएसटी वेगळे लिहून घ्या, पार्टच्या पाकिटावरच्या छापील किमतीच्या वर एक रुपया देऊ नका आणि जुना पार्ट परत मागा.

वॉरंटीचं पुस्तक कपाटातून काढा. आता पुष्कळ कंपन्या दुचाकीला पाच वर्षांपर्यंत वॉरंटी देतात, तुमच्या गाडीला तीनच झालीत. किलोमीटरची मर्यादा आणि सर्व्हिस वेळेवर केल्याच्या नोंदी पाहतात. मॉड्युल आतून आपोआप बिघडलं असेल तर ते वॉरंटीत बसू शकतं. मात्र रिंग पंक्चरवाल्यानं वाकवली असेल तर कंपनी देणार नाही, आणि त्यात कंपनीची चूकही नाही. इन्शुरन्सची आशा धरू नका, साध्या पॉलिसीत यांत्रिक आणि विजेचा बिघाड येत नाही. वॉरंटी असूनही कोणी टाळाटाळ केली तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी कळवा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तरीही नाही झालं तर यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही. तिथपर्यंत जायची वेळ फार थोड्यांवर येते, पण दार कुठे आहे हे ठाऊक असलं की काउंटरवर आवाज थरथरत नाही.

भंगारातून जुनं मॉड्युल आणून टाकायचा सल्ला कोणीतरी देईलच. नको. ते कोणत्या गाडीचं, किती पाण्यात बुडालेलं, काही ठाऊक नसतं. शिवाय ते बसवायला ब्रेकची लाइन खोलावी लागते आणि आत राहिलेली हवा काढणं साध्या ब्रेकपेक्षा किचकट.

राहिला तुमच्या मिस्त्र्याचा शंभर रुपयांचा उपाय. त्यानं लाइट जाईल, बिघाड राहील. उद्या सेन्सर साफ होऊन एबीएस परत चालू झालं की नाही हे तुम्हाला कळणारच नाही. मीटर खोललं म्हणून वॉरंटीवर बोट ठेवतील ते वेगळं. आणि एबीएसच काढून टाकायचं कोणी म्हणालं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असे मूळ बदल करू देत नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिल्यांदा हेच शोधेल.

मधल्या काळात पोरानं गाडी चालवावी का? चालवू द्या, पण त्याला नीट समजावून. एबीएस बंद म्हणजे गाडी जुन्या काळातल्या गाडीसारखी झाली, समोरचा ब्रेक एकदम आवळला तर चाक जाम होईल आणि गाडी आडवी. दोन्ही ब्रेक सोबत, समोरचा दाबत दाबत वाढवायचा. रविवारी रिकाम्या रोडवर तीसच्या स्पीडला दहा वेळा करून पाहू द्या, हाताला सवय होते. अंधारात मात्र मन मानत नाही. आपल्या भागात संध्याकाळी रोही (नीलगाय) नाही तर रानडुक्कर कुठून रोडवर येईल सांगता येत नाही, आणि तेव्हाच माणूस पूर्ण ताकदीनं ब्रेक आवळतो. लाइट जाईपर्यंत त्याला उजेडात परत यायला सांगा, किंवा थोडे दिवस एसटीनं जाऊ द्या. पावसात काळी माती ट्रॅक्टरच्या चाकानं डांबरावर आलेली असते, तिथे स्पीड आधीच कमी. मुरमाच्या रस्त्यावर तर एबीएस चालू असूनही गाडी लांब जाते, तेव्हा त्याच्या भरवशावर कोणीच राहू नये.

लिव्हर मऊ लागत असेल, हँडलपर्यंत येत असेल किंवा तेलाची पातळी कमी दिसत असेल तर मात्र गाडी जागेवर उभी करा. तो एबीएसचा विषय नाही, तो ब्रेकच गेल्याचा विषय आहे.

आणि ब्रेकचं तेल तीन वर्षांत एकदा तरी बदललं का? बहुतेक नाही. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि मॉड्युलच्या आतल्या बारीक व्हॉल्व्हला गंज चढतो तो त्यामुळेच. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. ब्रेकच्या तेलाच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलं असेल तेच, नवं सीलबंद. काही शेकड्यांचं काम आहे, ते या फेरीतच करून घ्या. ब्रेक पॅडही पाहून घ्या. पैसा थोडाच असेल तर माझ्या मते आधी टायर, पॅड आणि तेल, त्यानंतर एबीएस.

कोडचा कागद मिळाला की त्याचा फोटो मला पाठवा, आकडा स्पष्ट दिसला पाहिजे. आणि गावच्या मिस्त्र्याला ते शंभर रुपये द्याच, पण समोरचं चाक पुन्हा एकदा खोलून बुश, क्लिप आणि रिंग पाहून नीट बसवायला. या वेळी चाक पोत्यावर ठेवायला सांगा, डिस्कची बाजू वर करून.